नौकांचा वेग आणि तलावाचा काठ : भोपाळचा बडा तालाब

मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ येथील बडा तालाब अकराव्या शतकात परमार राजा भोज याने घातलेल्या बांधामुळे निर्माण झाला, असे मानले जाते. सुमारे ३१ चौरस किलोमीटरचा हा जलाशय आणि त्याला लागून असलेला छोटा तालाब मिळून भोज पाणथळ क्षेत्र ओळखले जाते. २००२ मध्ये त्याचा समावेश रामसर यादीत झाला. शहराच्या मोठ्या भागाला पिण्याचे पाणी येथूनच मिळते आणि शहराची सायंकाळही याच काठावर रमते. वादाचे मूळ या दुहेरी उपयोगात आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या क्षेत्रात क्रूझ व यांत्रिक नौका चालविण्यास मनाई केली. अशा नौकांतून इंधन व तेलाचे अंश पाण्यात मिसळतात. लाटांमुळे होणारी हानी मात्र सहसा नजरेत भरत नाही. उथळ पाण्यात पंख्याच्या घुसळणीने तळाचा गाळ वर येतो, पाणी गढूळ होते आणि पाणवनस्पतींना सूर्यप्रकाश कमी मिळतो. लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ऊर्जा चौपट होते. मातीचा काठ ढासळतो, काठालगतची पक्ष्यांची घरटी बुडतात.

सरसकट मनाईऐवजी वेगमर्यादा घालावी, असा पर्याय सुचविला जातो. इंग्लंडमधील विंडरमियर सरोवरावर २००५ पासून ताशी १० सागरी मैलांची मर्यादा आहे. तिने गोंगाट व अपघातांचा धोका कमी होतो, हे खरे. परंतु वेग जितका कमी तितकी लाट लहान, हे गणित प्रत्येक वेळी जुळत नाही. वेगवान नौका पाण्याच्या पृष्ठभागावर उचलली जाण्यापूर्वी, मध्यम वेगात असतानाच सर्वांत मोठी लाट उठविते. म्हणून मर्यादा खरोखरीच संथ गतीची हवी आणि नौकांनी काठापासून अंतर राखले पाहिजे. उभ्या भिंतीवर आदळलेली लाट परत फिरते. उतरत्या, गवताळ काठावर ती विरून जाते.

येथे प्रश्न काठाच्या वापराकडे वळतो. पाणथळ क्षेत्र (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ नुसार अधिसूचित क्षेत्रात, मागील दहा वर्षांच्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकामास बंदी आहे. अपवाद एकच, नौकांच्या धक्क्यांचा.