दत्तकविधान आणि अपंग बालक

दत्तक हा शब्द उच्चारला की महाराष्ट्रीय मनापुढे वाडा, वतन आणि भाऊबंदकी ही प्रथम उभी राहतात. पाळणा मागाहून येतो. यात नवल नाही. निपुत्रिकाच्या मागे पिंड देणारा कोणी असावा आणि मिळकत परक्या हाती जाऊ नये, या दोन चिंतांतून आपले दत्तकविधान जन्मास आले. घराला मुलाची गरज होती. मुलाला घराची गरज असते हा विचार त्यात गौण होता. मग जन्मांध, मुक्या किंवा पांगळ्या पोरक्या मुलाला या विधानात जागा कोठे होती? आणि आज बीडसारख्या जिल्ह्यात टाकून दिलेले असे एखादे मूल समुद्रापलीकडच्या कुटुंबाचे पुत्र वा कन्या होऊ शकते, ही स्थिती कोणत्या मार्गाने आली? तो मार्ग लांबचा आहे, आणि सर्वस्वी अभिमानाचाही नाही.

कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास राहून विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. दक्षिणेत वारसाच्या प्रश्नी पुढे शतकानुशतके तिचा शब्द प्रमाण मानला गेला. स्मृतिकारांनी जन्मांध, बधिर, मूक, पंगू, उन्मत्त, जड आणि असाध्य रोगाने पछाडलेला यांना वाटणीतून वगळले होते. मात्र त्यांना पोसावे अशी आज्ञाही त्याच ठिकाणी आहे. शास्त्रकारांना निर्दय म्हणून मोकळे होता येत नाही, ते यामुळेच. अन्न होते, अंश नव्हता. अशा पुरुषाचा औरस पुत्र निर्दोष असेल तर त्याला वाटा मिळे. पण मिताक्षरेने त्यातून दत्तक पुत्राला कटाक्षाने बाहेर ठेवले. म्हणजे ज्याला स्वतःला वाटा नाही, त्याला दत्तक घेऊन तो मिळविण्याची वाटही बंद होती. बीड जिल्ह्याची उत्तर सीमा आखणाऱ्या गोदावरीच्या काठी, थोड्या वरच्या अंगास, पैठण आहे. व्यवहारमयूख लिहिणाऱ्या नीलकंठाचे भट्ट घराणे मूळचे तेथलेच. ते पुढे काशीस गेले. दत्तकाच्या बाबतीत नीलकंठ पुष्कळ उदार. विवाहित पुरुषही दत्तक जाऊ शकतो, असे त्याने म्हटले. परंतु ते औदार्य घेणाऱ्याच्या सोयीचे होते.

पोरक्या मुलाची अडचण याहून मोठी. दत्तक देण्याचा अधिकार केवळ आईबापांचा. ज्याचे आईबाप ठाऊक नाहीत त्याला देणार कोण? प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी १८७५ मध्ये पंढरपुरास टाकलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला. तेथे जीव वाचला, नाव आणि कुळ मात्र शास्त्राने मिळण्यासारखे नव्हते. त्यात मूल अपंग असेल तर दोन्ही दारे बंद.

पहिले दार १९२८ मध्ये किलकिले झाले. त्या वर्षीच्या कायद्याने जन्मजात वेड वा जडबुद्धी एवढे सोडून इतर कोणत्याही व्यंगामुळे हिंदू वारस अपात्र ठरणार नाही, असे ठरले. परंतु हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा, आणि बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबईच्या हद्दीत जे दार उघडले, ते सरहद्दीपलीकडच्या बीडकरांना त्या कायद्याने आपोआप उघडले नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीड मुंबई राज्यात आले. त्याच वर्षीच्या वारसा कायद्याने रोग वा व्यंग हे अपात्रतेचे कारण समूळ काढून टाकले होते, आणि २१ डिसेंबरला हिंदू दत्तक व निर्वाह कायदा अमलात आला. मुलगी दत्तक घेता येऊ लागली. १९६२ च्या दुरुस्तीने, आईबाप अज्ञात असले तरी न्यायालयाच्या परवानगीने पालकाला मूल देता येऊ लागले. सहा वर्षांत कायद्याने शतकांचे अंतर कापले. बीडमध्ये २०११ च्या शिरगणतीत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली ८०७ च भरल्या. कायदा धावला तरी मन तेवढे धावत नाही, याचा तो लेखी पुरावा होय.

राहिले परदेशचे दार. १९५६ चा कायदा हिंदूंपुरता. म्हणून परदेशी दांपत्ये १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचा आश्रय घेत, येथे केवळ पालक म्हणून नेमली जात आणि आपल्या देशी जाऊन दत्तकविधी उरकीत. या फटीत दलाल शिरले. मुलांचा व्यापार चालतो, असे सांगणारे पत्र वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयास लिहिले. न्यायालयाने तेच याचिका म्हणून स्वीकारले, आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी निर्णय दिला. प्रथम भारतीय घर शोधावे आणि दोन महिने वाट पाहावी, मगच मूल परदेशी द्यावे, असा नियम त्यात घातला. नियमाला अपवाद एकच केला. मूल अपंग असेल, किंवा तातडीच्या उपचारांची गरज असूनही संस्थेला ते करणे शक्य नसेल, तर दोन महिने थांबू नये, तत्काळ परदेशी घर पाहावे. अपवादाचा हेतू निःसंशय दयेचा आहे. पण त्यात आपल्या समाजाविषयीचा एक अंदाजही गृहीत धरलेला आहे, आणि तो चूक होता असे म्हणण्याचे धाडस कोणी केलेले आढळत नाही.

१९९० मध्ये केंद्रीय दत्तक संस्था निघाली. आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या हेगच्या कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याने शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेल्या बालकांना परदेशी दत्तकात अग्रक्रम देण्याची मुभा ठेवली. जे १९८४ मध्ये अपवाद होते ते आता कलम झाले.

आज जिल्ह्यात असे मूल सापडले की ते बालकल्याण समितीपुढे येते. आईबापांचा शोध होतो. स्वखुशीने सोडले असेल तर त्यांना फेरविचारास दोन महिने मिळतात. मग मूल दत्तकास मोकळे ठरते, त्याचा वैद्यकीय अहवाल परदेशी कुटुंबापुढे ठेवला जातो, आणि ते कुटुंब व्यंग वाचून, समजून स्वीकृती देते. पूर्वी यावर आदेश न्यायालय देई. १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे सोपविला. मूल गेल्यावरही दोन वर्षे त्याच्या प्रकृतीचे व रुळण्याचे वृत्त येथे पाठवावे लागते. पुढे अठरा वर्षांचे झाल्यावर त्याने आपले मूळ विचारले, तर जन्मदात्यांचे गुपित राखून जेवढे सांगता येईल तेवढे सांगण्याचे बंधन संस्थांवर आहे. आणि त्या कागदांत, आईबापांच्या नावाची जागा कोरी असली, तरी गावाचे आणि जिल्ह्याचे नाव बहुधा लिहिलेले असते.