दोन भाषांची शाळा आणि एक चिठ्ठी

अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन शहरात, तीन वर्षांच्या मुलांचे आईबाप दरवर्षी एका निकालाची वाट पाहत असतात. मुलाने अजून एक अक्षरही गिरवलेले नसते. निकाल असतो तो सोडतीचा. अर्ज भरताना अनेकांनी यादीत वर घातलेली असते ती दोन भाषांची शाळा. निम्मा दिवस इंग्रजी, निम्मा स्पॅनिश. एखाद्या शाळेत फ्रेंच, एखाद्या शाळेत चिनी. आपल्या पोराचा नंबर लागण्याची शक्यता किती, याचे हिशेब घरोघर चालतात.

मला नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. आज ज्या भाषांसाठी एवढी रांग लागते, त्यातली स्पॅनिश शाळेत बोलली म्हणून याच देशात, टेक्सासच्या शाळांत, मुलांनी शिक्षा भोगल्या आहेत. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, नेब्रास्का राज्याने आठवी पास होईपर्यंत मुलांना इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवण्यास बंदी घातली. रॉबर्ट मेयर नावाचे एक शिक्षक तिथल्या एका लुथरन शाळेत दहा वर्षांच्या मुलाकडून जर्मनमध्ये बायबलमधल्या गोष्टी वाचून घेत होते. त्यांना २५ डॉलर दंड झाला. मास्तर हटले नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९२३ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. दंड २५ डॉलरचा, पण शिकवण्याचा हक्क त्याने कायमचा नोंदला गेला.

तरी दोन भाषांची सरकारी शाळा उभी राहायला आणखी ४० वर्षे जावी लागली. क्यूबात क्रांती झाल्यावर हजारो कुटुंबे मायामीला येऊन पोहोचली. आपण लवकरच परत जाऊ असे त्यांना वाटत होते, म्हणून मुलांची स्पॅनिश तुटू नये ही काळजी. १९६३ मध्ये तिथल्या कोरल वे या प्राथमिक शाळेत फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने प्रयोग सुरू झाला. क्यूबन आणि अमेरिकन मुले एकाच शाळेत, दिवसाचा एक भाग आपल्या भाषेत, दुसरा समोरच्याच्या भाषेत. परत जाणे काही झाले नाही. शाळा मात्र टिकली. आमच्या घरात दखनी आणि शाळेत मराठी, त्यामुळे त्या पोरांची पहिल्या दिवसाची घालमेल मला पुस्तकात वाचावी लागली नाही. फरक एवढाच, की माझी घरची भाषा कुणा शेजाऱ्याच्या मुलाला शिकावी लागत नव्हती.

पुढे १९६८ मध्ये द्विभाषिक शिक्षणाचा केंद्रीय कायदा आला. उलटे वारेही वाहिले. कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये सार्वमत घेऊन असे शिक्षण जवळजवळ बंद केले आणि २०१६ मध्ये पुन्हा सार्वमत घेऊनच दार उघडले.

चार्टर शाळा हे प्रकरण मागाहून आले. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला. पैसा सरकारचा, फी नाही, कारभार मात्र स्वतंत्र मंडळाचा. जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तर चिठ्ठ्या टाकायच्या. आपण मराठीत ज्याला ईश्वरचिठ्ठी म्हणतो तीच, फक्त हल्ली ती संगणक काढतो. २०१४ पासून वॉशिंग्टनमधल्या नगरशाळा आणि बहुतेक चार्टर शाळा यांची सोडत एकत्र निघते. एका अर्जात १२ शाळा पसंतीक्रमाने लिहिता येतात. या जुळणीमागचे गणित गेल आणि शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडले होते. त्यात हुशारी करून उपयोग नसतो. मनात जी शाळा पहिली, तीच पहिली लिहावी. आईबापांचा यावर विश्वास बसणे कठीण, हे मी समजू शकतो.

शक्यतेचे गणित त्यामानाने साधे आहे. समजा वर्गात ४० जागा आहेत. आधीपासून शिकणाऱ्यांच्या धाकट्या भावंडांना अग्रक्रम, त्यात १८ गेल्या. उरलेल्या २२ जागांवर शेकडो नावे. तिसऱ्या वर्षी हुकले, तर चौथ्या वर्षी कुणी शाळा सोडली तरच जागा. मोठ्या वर्गात मधूनच आलेल्या मुलाला दुसरी भाषा पेलवत नाही, म्हणून दार लहानपणीच काय ते उघडे असते.

पण खरी गाठ कायद्यात आहे. १९९६ मध्ये वॉशिंग्टनसाठी जो चार्टर कायदा झाला, त्याने मूल कोणती भाषा बोलते यावरून प्रवेश मर्यादित करण्यास मनाई केली. हेतू चांगला, नेब्रास्काची आठवण असलेल्या देशाला शोभणारा. परिणाम असा, की स्पॅनिशच बोलणाऱ्या घरातले मूल आणि दुसरी भाषा दागिन्यासारखी हवी असलेल्या घरातले मूल एकाच मडक्यात. ज्या मुलाची भाषा वर्गात असावी म्हणून शाळा सुरू झाली, त्याला त्या भाषेचा चिठ्ठीत काडीचाही उपयोग नाही. शिवाय वर्गात दोन्ही भाषांची मुले नसली, तर एकमेकांकडून शिकायचे कुणाकडून?

शहराची नगरशाळा असलेली ऑयस्टर ही १९७१ पासूनची द्विभाषिक शाळा. तिला हा चार्टर कायदा लागू नाही. तिथे स्पॅनिश घरांतल्या मुलांची यादी वेगळी आणि इंग्रजीवाल्यांची वेगळी. चार्टर शाळांना २०२२-२३ पासून एक सवलत मिळाली आहे. त्या हव्या तर बेघर, फॉस्टर केअरमधल्या किंवा सरकारी शिधामदतीवरच्या कुटुंबांतल्या मुलांना सोडतीत अग्रक्रम देऊ शकतात. आपल्याकडेही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांची सोडत निघते, तीही दुर्बल आणि वंचित घरांसाठीच. पण वॉशिंग्टनमधल्या त्या अग्रक्रमाच्या यादीत गरिबी आहे, घरची भाषा नाही. आजीशी स्पॅनिशमध्ये भांडणारे तीन वर्षांचे पोर अजून इतरांसारखेच आपल्या आकड्याची वाट पाहते.