क्रॅनबेरी : नव्या वाणांची पैदास

उत्तर अमेरिकेच्या दलदलीत वाढणाऱ्या या आंबट लाल फळाची लागवड 1816च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील केप कॉडला सुरू झाली. ‘अर्ली ब्लॅक’, ‘हाउझ’ हे जुने वाण म्हणजे रानातून निवडून आणलेले वेलच. संकर वगैरे काही नाही.

संकराची निकड रोगाने आणली. तुडतुड्यांनी पसरणाऱ्या ‘फॉल्स ब्लॉसम’ रोगात फुले विकृत होऊन ताठ उभी राहतात आणि फळच धरत नाही. 1929मध्ये अमेरिकी कृषी खात्याने पैदास हाती घेतली. तिच्यातून मॅकफार्लिन आणि पॉटर या वाणांच्या संकराचा ‘स्टीव्हन्स’ 1950मध्ये आला आणि पुढे बागाईतदारांचा लाडका ठरला.

पुढची मोठी भर न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठाची. तेथील ‘क्रिमझन क्वीन’मध्ये स्टीव्हन्सचे उत्पन्न आणि ‘बेन लिअर’ या वाणाचा लवकर चढणारा रंग एकत्र आणला आहे.

वाणांची तुलना मात्र नुसत्या वजनावर होत नाही. रसासाठी गडद रंग हवा, तर गोड सुक्या क्रॅनबेरीसाठी टपोरे, घट्ट फळ. न्यू जर्सीच्या उष्ण उन्हाळ्यात फळकूज छळते, विस्कॉन्सिनमध्ये थंडीची धास्ती. त्यामुळे एकीकडचा अव्वल वाण दुसरीकडे मागे पडू शकतो. शिवाय बाग भरायला काही वर्षे लागतात, म्हणून पहिल्याच तोडणीवरून निकाल देणे उतावीळपणाचे.

वाणाची शुद्धता ही वेगळीच डोकेदुखी. लागवड वेलांच्या तुकड्यांनी होते. पण गळालेल्या फळांतील बिया रुजल्या, की भलतेच वेल माजतात. आता रोपांची ओळख डीएनए तपासून पटवता येते.