गिअरबॉक्समधल्या लाल तेलाचा इतिहास

उभ्या मोटारीखाली तेलाचा डाग दिसला, तर ते तेल कुठले हे बऱ्याचदा रंगावरून सांगता येते. काळपट आणि चिकट असेल तर इंजिनाचे. पातळ आणि लालसर असेल तर बहुधा स्वयंचलित गिअरबॉक्सचे. हा लाल रंग तेलाचा स्वतःचा नव्हे. गळती चटकन ओळखू यावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो.

ऐरोलीसारख्या गावात हे लाल तेल आता पुष्कळ घरांच्या परिचयाचे झाले आहे. मुलुंडला जोडणारा खाडीपूल १९९९ साली खुला झाला. त्या पुलावर किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर संध्याकाळच्या गर्दीत क्लच दाबून दाबून ज्यांचा डावा पाय भरून आला, त्यांतले काहीजण स्वयंचलित गिअरच्या मोटारीकडे वळले. त्यांच्यातले हौशी लोक रविवारी सोसायटीच्या आवारात स्वतःच तेल बदलतात. इंजिनाचे तेल बदलताना त्यांना फारसे काही वाटत नाही. गिअरबॉक्सच्या लाल तेलाशी आले की मात्र ते बिचकतात. कोणते घालायचे? किती? मुळात बदलायचे तरी का? या प्रश्नांची उत्तरे शोधायची तर थोडे मागे जावे लागते.

दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. वाऱ्याच्या झोताने दुसराही फिरू लागतो. वर्गात सहज करता येण्यासारखा हा प्रयोग आहे. हवेऐवजी तेल घ्या आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवा, म्हणजे द्रवाच्या मार्फत शक्ती पोचवणारी जोडणी तयार होते. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये याचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. टर्बाइन फार वेगाने फिरते, जहाजाचा पंखा सावकाश फिरायला हवा. त्या दोघांची गाठ त्याला घालून द्यायची होती. मोटारीत ही कल्पना रुळायला तीन दशके लागली. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ओल्ड्समोबिल गाडीसाठी ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स जाहीर केला. मोठ्या संख्येने विकला गेलेला तो पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स.

याच कंपनीचा मोटारी जोडण्याचा कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता. १९५४ मध्ये तो बंद झाला. तरी आपल्याकडे क्लचची सवय सुटली नाही. स्वयंचलित गाडी महाग, तिला पेट्रोलही जास्त लागे. शिवाय आमचा एक तर्क असा, की त्या काळी मोटार बाळगणाऱ्यांपैकी अनेकांकडे पगारी ड्रायव्हर असे, आणि दुखणारा पाय मालकाचा नसे! द्रवाच्या जोडणीचे तत्त्व रेल्वेत मात्र आले. मनमोहन सुरी या भारतीय अभियंत्याने आखलेली यंत्रणा चित्तरंजनच्या कारखान्यात तयार झालेल्या शंटिंगच्या डिझेल इंजिनांत वापरली गेली. मोटारींच्या बाबतीत १९९०च्या दशकात मारुती झेनची स्वयंचलित आवृत्ती निघाली आणि मग हळूहळू इतर आल्या.

आता तेलाकडे वळू. या गिअरबॉक्समध्ये तेलाला एकाच वेळी परस्परविरोधी कामे करावी लागतात. पंख्यांमधून ते शक्ती वाहून नेते, दाताळ्या चाकांना वंगण पुरवते, उष्णता बाहेर नेते आणि झडपांमधून दाब पोचवून गिअर बदलते. खरी गंमत पुढेच आहे. गिअर बदलतो तो तेलात बुडालेल्या चकत्यांच्या जुडग्यामुळे. या चकत्या एकमेकींवर दाबल्या गेल्या की त्यांनी घसरता घसरता एकमेकींना घट्ट धरायचे असते. म्हणजे तेलाने एकीकडे घर्षण कमी करायचे आणि दुसरीकडे धरू द्यायचे.

फळ्यावर खडू किंचाळतो तेव्हा काय होते? खडू क्षणभर अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. स्थिर घर्षण हे सरकत्या घर्षणापेक्षा जास्त असल्याचा हा परिणाम. तेलातल्या चकत्याही जुळता जुळता अशाच अडकू-सुटू लागल्या, तर गाडी हिसका देते आणि थरथरते. हे टाळायला तेलात असे लांबट रेणू मिसळतात, की ज्यांचे एक टोक धातूला चिकटते आणि शेपूट मोकळे राहते. पृष्ठभागावर जणू हिरवळ उगवते. वेग कमी होत आला तरी घर्षण एकदम वाढत नाही आणि चकत्या अलगद जुळतात.

१९४९ मध्ये जनरल मोटर्सने या तेलासाठी ‘टाइप ए’ नावाचे प्रमाण ठरवले. त्या काळच्या तेलांत हे काम करणारा पदार्थ यायचा स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलापासून. कोकण किनाऱ्यावर ‘व्हेल माशाची उलटी’ पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो, तो हाच प्राणी. शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्ले. या देवमाशाचे तेल मात्र मुख्यतः द्रवरूप मेण असते. त्यात एक लांब मेदाम्ल आणि एक लांब अल्कोहोल जोडलेले असते, ग्लिसरीन नसतेच. त्यामुळे ते उष्णतेत आणि दाबाखाली चांगले टिकते. दिवाबत्तीसाठी होणारी देवमाशांची शिकार रॉकेल आल्यावर उतरणीला लागली, असे आपण मुलांना सांगतो. ते खरे असले तरी अपुरे आहे. वंगणासाठी आणि इतर उद्योगांसाठी स्पर्म व्हेल विसाव्या शतकातही मारला जात होता, आणि क्लचशिवाय आरामात चालणाऱ्या मोटारीचाही त्यात थोडा वाटा होता.

१९७० मध्ये अमेरिकेने या प्राण्याला नामशेष होण्याचा धोका असलेल्यांच्या यादीत घातले आणि त्याच्या तेलाची आयात थांबवण्याचा मार्ग मोकळा झाला. (योगायोग असा, की नवी मुंबई वसवणारी सिडकोही १९७० चीच.) रसायनशास्त्रज्ञांची धावपळ उडाली. होहोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांत तसेच द्रवरूप मेण असते, म्हणून त्याचे महत्त्व एकाएकी वाढले. आपल्याकडे राजस्थान-गुजरातेतही त्याच्या लागवडीचे प्रयत्न झाले. इतरांनी प्रयोगशाळेत पर्याय घडवले. बदल सरळ झाला नाही. ‘डेक्सरॉन-दोन’ या नव्या प्रमाणातल्या सुरुवातीच्या तेलाने गिअरबॉक्सचे तेल थंड करणाऱ्या नळ्यांचे धातू खाल्ले जाऊ लागले. मग गंज रोखणारा पदार्थ घालून सुधारित आवृत्ती काढावी लागली. एक घटक बदलला की बाकीच्यांचा तोलही पुन्हा सांभाळावा लागतो.

डब्यावरच्या नावाला एवढे महत्त्व का, हे यावरून ध्यानात येईल. रंग लाल म्हणजे तेल तेच, असे मुळीच नाही. पट्टा आणि पुल्ली असलेल्या सीव्हीटी गिअरबॉक्समध्ये तेलाला धातूवर धातूची पकड टिकवायची असते. तिथे साधे लाल तेल घालणे म्हणजे गिअरबॉक्स मोडीत काढणे. भारतात २०१४ मध्ये सेलेरिओपासून सुरू झालेल्या एएमटी गाड्यांत तर नेहमीचाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला यंत्र बसवलेले. तिथे हा सगळा खटाटोप लागूच होत नाही. गाडीच्या पुस्तिकेतले नाव आणि डब्यावरचे नाव जुळते की नाही, एवढेच पाहायचे.

‘आयुष्यभर पुरणारे तेल’ हा शब्दप्रयोग विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक कंपन्यांनी रूढ केला. कित्येक गाड्यांतून तेल मोजायची पट्टीही गेली. आम्हाला हा दावा पटत नाही. कुणाचे आयुष्य, तेलाचे की हमीच्या मुदतीचे? तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा नियम ऑक्सिडीकरणालाही ढोबळमानाने लागू आहे. गर्दीत थांबत-चालत जाताना पंख्यांमधली घसरण इंजिनाच्या कामाचा बराच भाग थेट तेलाच्या उष्णतेत घालवते. तेल तपकिरी होऊन त्याला करपट वास येऊ लागला, तर पुस्तिकेतली मुदत संपली नाही म्हणून स्वस्थ बसू नये.

घरी बदलताना एक अडचण येते. गिअरबॉक्सच्या तळाची पसरट पेटी, मेकॅनिक तिला ‘चेंबर’ म्हणतात, उघडली तरी सगळे तेल येत नाही. बरेचसे पंख्यांच्या डब्यात आणि नळ्यांत राहते. दर खेपेस निम्मेच बदलते असे धरले, तर पहिल्यांदा ५० टक्के तेल नवे, दुसऱ्यांदा ७५, तिसऱ्यांदा ८७.५. भूमिती श्रेणीचे याहून चिकट उदाहरण सापडणे कठीण! पातळी पाहायची ती पुस्तिकेत दिलेल्या तापमानालाच. तेल दर अंशाला सुमारे ०.०००७ पट प्रसरण पावते; ८ लिटर तेल ६० अंशांनी तापले तर जवळजवळ ०.३४ लिटरने फुगते. थंड तेलावर भरवसा ठेवून जास्त भरले, की फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो आणि दाब बसत नाही. चेंबरमधल्या चुंबकावर करडी, मऊ भुकटी असली तर ती नेहमीची झीज. धातूचे कपचे निघाले तर गाडी गॅरेजला न्यावी. गाडीखाली जाण्यापूर्वी ती नुसत्या जॅकवर नव्हे, तर भक्कम घोड्यांवर टेकवलेली हवी.

मग उरते ते काढलेले तेल. नवी मुंबईची पावसाळी गटारे खाडीला मिळतात. ऐरोलीलगतची ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत आली. ऐरोलीतच २०१७ पासून किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. रोहित पाहायला तिथून होड्या सुटतात. फ्लेमिंगो चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो आणि त्यातले सूक्ष्म जीव खातो. गटारातून आलेला तेलाचा थर भरतीबरोबर पसरतो आणि ओहोटीला त्याच चिखलावर बसतो. कायद्याच्या दृष्टीने वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी तेल उत्पादकांवरही आली आहे. पण तेल गोळा होते ते मुख्यतः गॅरेजांतून आणि कारखान्यांतून. सोसायटीच्या आवारात निघालेले चार लिटर तेल न्यायला तिथे कोणी येत नाही. ते झाकणाच्या डब्यात भरून, पाणी किंवा पेट्रोल न मिसळता, जवळच्या गॅरेजच्या पिंपात नेऊन ओतावे लागते.