व्यवसाय समुपदेशक : अंतर्गत व बाह्य
नोकरीची निवड, बढती, बदली, कामातील पालट किंवा नोकरीचा त्याग यांविषयी निर्णय घेताना व्यक्तीस साहाय्य करणारा सल्लागार. तो ज्या संस्थेतील कर्मचाऱ्यांना सल्ला देतो, त्याच संस्थेचा वेतनधारी असल्यास त्यास अंतर्गत आणि संस्थेबाहेरचा असल्यास बाह्य समुपदेशक म्हणतात. अंतर्गत समुपदेशकास संस्थेतील कामे, अधिकारश्रेणी व बढतीच्या वाटा यांची जवळून माहिती असते. बाह्य समुपदेशक तुलनेने निःपक्षपाती मानला जातो. या दोन पद्धतींच्या इतिहासात मात्र माहितीपेक्षा उत्तरदायित्वाचा प्रश्न अधिक निर्णायक ठरलेला दिसतो. समुपदेशक कोणास बांधलेला आहे व त्यास सांगितलेली गोष्ट कोठवर जाते, यावर त्याची उपयुक्तता अवलंबून असते. अमेरिकेतील पुढील दोन प्रयोगांवरून हे स्पष्ट होते.

बॉस्टनमधील व्होकेशन ब्यूरो : आधुनिक व्यवसाय मार्गदर्शनाचा प्रारंभ कारखान्याबाहेर झाला. फ्रँक पार्सन्स (१८५४–१९०८) या समाजसुधारकाने जानेवारी १९०८ मध्ये बॉस्टनच्या नॉर्थ एंड या स्थलांतरितांच्या वस्तीतील ‘सिव्हिक सर्व्हिस हाउस’ या संस्थेत व्होकेशन ब्यूरो सुरू केला. त्यास पॉलीन ॲगॅसीझ शॉ या दानशूर महिलेचे अर्थसाहाय्य लाभले. स्वतःच्या क्षमता व आवडी यांचे ज्ञान, निरनिराळ्या व्यवसायांच्या अपेक्षांचे ज्ञान आणि या दोहोंची विचारपूर्वक सांगड, अशी पार्सन्सची त्रिविध पद्धती होती. ती विशद करणारा त्याचा चूझिंग अ व्होकेशन हा ग्रंथ १९०९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला. ब्यूरो कोणत्याही एका मालकाचा नसल्यामुळे सल्ला घेणाऱ्याचे हित हेच त्याचे प्रयोजन राहिले. परंतु कारखान्याच्या आतील वस्तुस्थिती बाहेरून कळणे अवघड होते. पार्सन्सनंतर ब्यूरोची धुरा वाहणाऱ्या मेयर ब्लूमफील्डने व्यवसायांची माहिती संकलित करविली, तसेच १९११ च्या सुमारास बॉस्टनमधील नोकरभरती अधिकाऱ्यांना एकत्र आणण्यास चालना दिली. बाह्य समुपदेशकाची उणीव भरून काढण्यासाठी आतल्या माणसांचे साहाय्य घ्यावे लागले.

हॉथॉर्न कारखाना : शिकागोजवळील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या या कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात सु. २१,००० कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेण्यात आल्या. त्या अनुभवावरून १९३६ मध्ये कायम स्वरूपाची समुपदेशन योजना आखण्यात आली. विल्यम डिक्सन हा तिचा एक प्रमुख सूत्रधार होता. समुपदेशक कंपनीचेच नोकर असत आणि कामाच्या जागी हिंडूनफिरून कामगारांशी बोलत. कामगारांचा विश्वास टिकावा म्हणून त्यांच्यावर कडक बंधने होती : ऐकलेले गुप्त ठेवावयाचे, मतप्रदर्शन करावयाचे नाही आणि वरिष्ठांपुढे कोणाचीही बाजू मांडावयाची नाही. या बंधनांमुळे कामगारास मन मोकळे करता येई; पण वेतन, बढती वा बदली यांबाबतचा त्याचा प्रश्न पूर्ववत वरिष्ठांच्याच हाती राही. हॅरल्ड व जीन विलेन्स्की यांनी १९५१ मधील लेखात या योजनेची चिकित्सा केली. असंतोषाचा रोख कामाच्या परिस्थितीकडून व्यक्तीच्या भावनांकडे वळतो व त्यामुळे व्यवस्थापनाच्या नियंत्रणास हातभार लागतो, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. योजना १९५६ मध्ये बंद झाली. डिक्सन व फ्रिट्झ रोथलिसबर्गर यांनी तिचा सविस्तर वृत्तांत १९६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

उत्तरकाळ : १९६० नंतर अमेरिकेत कामावरून कमी केलेल्या अधिकाऱ्यांना नवी नोकरी शोधण्यास मदत करणारे व्यावसायिक सल्लागार पुढे आले. ते बाहेरचे असले, तरी त्यांचे शुल्क बहुधा पूर्वीचा मालकच देई. म्हणजे केवळ बाह्यत्वाने स्वातंत्र्याची हमी मिळत नव्हती. समुपदेशकासाठी ‘कोच’ हे नाव रूढ झाल्यावर १९९५ मध्ये इंटरनॅशनल कोच फेडरेशन ही व्यावसायिक संघटना स्थापन झाली. सल्ला घेणारा व त्याचा खर्च करणारा पुरस्कर्ता यांत तिची आचारसंहिता भेद करते आणि कोणती माहिती कोणास दिली जाईल, हे आरंभीच ठरवून घेण्यास सांगते. हे बंधन अंतर्गत व बाह्य अशा दोन्ही प्रकारच्या कोचना लागू आहे.

संस्थेतच राहून पुढे जावयाचे असल्यास अंतर्गत समुपदेशकाची माहिती मोलाची ठरते. नोकरी सोडण्याचा विचार मात्र मालकाच्या वेतनधारी समुपदेशकापुढे निःशंकपणे मांडता येत नाही. तेथे बाहेरच्या सल्लागाराची गरज भासते. दोन्ही बाबतींत बोलणे कोणाच्या कानी जाणार, याचा उलगडा आधी झालेला नसल्यास समुपदेशनाचा पायाच डळमळीत राहतो.