लगतचे फार्म : ब्रिटनमधील २००१ ची साथ आणि गणिती प्रतिमाने

शासकीय धोरणाचा पशुपालकांवर होणारा परिणाम ते अमलात येण्यापूर्वी गणिताने अजमावता येतो काय, हा प्रश्न ब्रिटनमध्ये २००१ साली केवळ तात्त्विक राहिला नाही. २० फेब्रुवारी रोजी एसेक्स परगण्यातील एका कत्तलखान्यातील डुकरांना लाळ्या-खुरकूत रोग झाल्याचे निश्चित झाले. तोवर मेंढ्यांच्या खरेदीविक्रीबरोबर रोग दूरवर पसरला होता. २३ फेब्रुवारीस जनावरांची वाहतूक बंद करण्यात आली. तथापि साथ आटोक्यात येईना.

मार्चमध्ये अनेक संशोधक-गटांनी संगणकावर साथीची नक्कल करून निरनिराळ्या उपायांची फळे ताडून पाहिली. त्यांत इंपीरियल कॉलेजचा गट प्रमुख होता. शासनाचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार डेव्हिड किंग यांच्या मार्गदर्शनाखाली त्यावरून नवे धोरण ठरले. बाधित फार्मवरील जनावरे २४ तासांत व लगतच्या फार्मवरील जनावरे ४८ तासांत मारावीत, असे त्याचे सूत्र होते.

या प्रतिमानांत सामान्यतः संपूर्ण फार्म हा एकच घटक धरला होता. प्रत्यक्षात मात्र ‘लगतचा’ हा शब्द संदिग्ध ठरला. दोन फार्मांची हद्द एक असली, तरी त्यांचे कळप परस्परांपासून बरेच दूर असू शकतात. मध्ये नदी वा रस्ताही असू शकतो. हा भेद जागेवरील पशुवैद्यास दिसे, सरसकट नियमास दिसत नसे. एप्रिलच्या अखेरीस गाईबैलांच्या बाबतीत नियम काहीसा शिथिल करण्यात आला.

३० सप्टेंबर रोजी शेवटचा बाधित फार्म आढळला. अशा फार्मांची अधिकृत संख्या २,०२६ होती; परंतु कत्तल १०,००० हून अधिक फार्मांवर झाली आणि ६० लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. लगतच्या कत्तलीमुळे साथ लवकर ओसरली, असे प्रतिमानकारांचे म्हणणे. उलट, ही कत्तल पूर्णपणे सुरू होण्यापूर्वीच साथीचा कळस होऊन गेला होता, असा अनेक पशुवैद्यांचा आक्षेप. कत्तल न करता काय झाले असते, हे पुन्हा प्रतिमानावरूनच सांगावे लागत असल्याने हा वाद केवळ आकड्यांनी मिटत नाही.

पुढे युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशात साथीच्या काळातील लसीकरणास अधिक वाव मिळाला. म्हणून प्रतिमानाचे उत्तर तपासताना त्याचे गणित आणि त्यात ‘फार्म’ व ‘लगतचा’ या शब्दांना दिलेला अर्थ, ही दोन्ही तपासली पाहिजेत. आणि तेही साथ येण्यापूर्वी, पशुवैद्य व पशुपालक यांच्या साहाय्याने.