नाब्लसचा साबण

वेस्ट बँकच्या उत्तर भागात, एबाल आणि गेरिझिम या डोंगरांमधल्या खोऱ्यात नाब्लस हे पॅलेस्टिनी शहर आहे. इ.स. ७२ मध्ये रोमनांनी वसवलेल्या ‘निआपोलिस’ या नगराच्या नावावरून त्याला हे नाव पडले. आसपासच्या टेकड्यांवर ऑलिव्हच्या बागा आहेत. त्यांच्या तेलापासून होणाऱ्या साबणाने शहराला नाव आणि पैसा दोन्ही मिळवून दिले. जेरुसलेमचा भूगोलकार अल-मुकद्दसी याने दहाव्या शतकातच पॅलेस्टाइनमधून बाहेर जाणाऱ्या मालात साबणाची नोंद केली आहे.

या साबणाला तेल, पाणी आणि क्षार एवढेच लागते. क्षारासाठी जॉर्डन नदीच्या पूर्वेकडील बेदुइन टोळ्या उन्हाळ्यात खारट झुडपे जाळून राख करत आणि उंटांवर लादून नाब्लसला आणत. ती कुटून चुन्यात मिसळली जाई. तळमजल्यावरच्या प्रचंड तांब्याच्या कढईत तेल आणि या राखेचे क्षारपाणी आठवडाभर शिजत राही. तयार घाटा कामगार वरच्या मजल्यावर नेऊन फरशीवर ओतत. तो घट्ट झाला की आखणी करून वड्या कापायच्या, प्रत्येकीवर पेढीचा छाप उमटवायचा आणि त्यांचे आतून पोकळ, माणसाहून उंच मनोरे रचायचे. हवा खेळती राहून साबण पक्का व्हायला काही महिने, कधी वर्षही लागे.

एवढा काळ भांडवल अडकवून ठेवणे श्रीमंत घराण्यांनाच परवडे. व्यापारी शेतकऱ्यांना हंगामाआधी उचल देत आणि तेलाच्या रूपाने ती वसूल करत. त्यात कित्येक खेडी कर्जात बुडाली, हेही या वैभवाच्या हिशेबात धरलेच पाहिजे. इतिहासकार बशारा दौमानी यांनी नाब्लसच्या शरियत न्यायालयाची दप्तरे तपासून ‘रिडिस्कव्हरिंग पॅलेस्टाइन’ (१९९५) या ग्रंथात ही देवघेव उलगडली. एकोणिसाव्या शतकातील पॅलेस्टाइन ओसाड आणि निद्रिस्त होते, हा समज या दप्तरांपुढे टिकत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात तीसच्या आसपास कारखाने होते आणि इजिप्त ही मोठी बाजारपेठ होती. तूकान घराण्याचा दोन चाव्यांचा छाप प्रसिद्ध होता. फदवा तूकान (१९१७–२००३) ही कवयित्री याच घराण्यातली. राखेची जागा पुढे कॉस्टिक सोड्याने घेतली. पहिल्या महायुद्धानंतर नव्या सीमा आणि जकाती आल्या, स्वस्त यांत्रिक साबण आला. १९२७ च्या भूकंपाने शहर हादरले. १९६७ पासूनच्या इस्रायली ताब्यात मालाची ने-आण अवघड होत गेली आणि एप्रिल २००२ मधील लष्करी कारवाईत जुन्या शहरातले काही ऐतिहासिक कारखाने जमीनदोस्त झाले.

आज मोजकेच कारखाने चालू आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने नाब्लसच्या साबणनिर्मितीची परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट केली.